डोक्यावरचं विमान किती उंच? नववीच्या गणिताच्या प्रकल्प नोंदी, कोपरखैरणे

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

मुंबई विमानतळावर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या शाळेवरून जातात. सकाळच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांना एक. आवाज वाढला की मी बोलायची थांबते, मुलं खिडकीकडे बघतात, विमान गेलं की पुन्हा फळा. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. आणि उन्नत कोन (वर बघताना नजरेची रेषा आडव्या रेषेशी करते तो कोन) शिकवायची वेळ आली की दीपगृह आणि जहाज घ्यायचं. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने दीपगृह पाहिलेलं नाही.

म्हणून या सत्रात ठरवलं, नववीचं जमेल तेवढं गणित विमानाच्या निमित्ताने करून घ्यायचं. वर्गात ४६ मुलं, ९ गट. दुसऱ्या कुणा शिक्षकाला हे करायचं असेल तर आमच्या चुका त्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून या नोंदी ठेवतेय.

सुरुवात कागदी विमानांपासून. प्रत्येक गटाचं एक विमान, दहा फेका, अंतर टेपने मोजायचं. एका गटाची अंतरं मीटरमध्ये अशी आली: ६.२, ७.१, ७.४, ६.८, ०.९, ७.३, ७.०, ६.९, ७.२, ७.२. पाचव्या फेकीला विमान पंख्याला लागून खाली पडलं. मध्य, म्हणजे सरासरी, ६.४ आला. एक मुलगी म्हणाली, "बाई, दहातल्या आठ फेका याच्यापेक्षा लांब गेल्यात, मग हे आमच्या विमानाचं अंतर कसं?" मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढायला लावला, ७.०५ आला. सांख्यिकीच्या धड्यात मी मध्यक शिकवते तेव्हा मुलं तो पाठ करतात. आज तो त्यांना हवा होता.

पुढच्या वेळेसाठी: पंखे आधी बंद करायचे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा तास फुकट गेला. कारण लिहून ठेवते.

विमान किती उंचीवरून सोडलं की किती लांब जातं, याचा आलेख काढायचा होता. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मैदानात विमानं सोडली. दोन चुका झाल्या. एक, वारा. एकाच विमानाचं अंतर ४ मीटरही आलं आणि १९ मीटरही. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. मुलं विमान जोर लावून फेकत होती. जोर लावला की अंतर हाताच्या ताकदीवर जातं, उंचीचा त्यात फारसा संबंध उरत नाही. कबड्डी खेळणाऱ्या मुलाचं विमान खालच्या पायरीवरूनसुद्धा सगळ्यांत पुढे गेलं. आलेखावर बिंदू विखुरले, रेषा काही दिसेना.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सभागृहात, पंखे बंद, खिडक्या बंद. सगळ्या गटांनी एकच घडी वापरायची. विमान फेकायचं नाही, चिमटीत धरून नाक किंचित खाली करून हलकेच सोडायचं. सोडणारी मुलगी एकच. भिंतीवर खडूने उंचीच्या खुणा केल्या. १, १.५, २ मीटर, आणि २.५ साठी बाकावर स्टूल. स्टूल दोघांनी धरूनच ठेवायचं, नाहीतर हा प्रयोग करू नका.

प्रत्येक उंचीवरून सात वेळा, मध्यक घेतला: ५.१, ७.२, ९.४, ११.३ मीटर. आलेखावर चारही बिंदू जवळपास एका रेषेत आले. चढ साधारण ४.१, म्हणजे १ मीटर खाली येताना विमान सुमारे ४.१ मीटर पुढे जातं. पण रेषा आरंभबिंदूतून गेली नाही, अंतराच्या अक्षाला १ मीटरच्या जवळ लागली. मुलांना वाटलं काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. कितीही हलकेच सोडलं तरी हाताचा थोडा धक्का बसतोच, तो हा १ मीटर. दोन चलांतील रेषीय समीकरणात तो सुटा आकडा कशाचा, हे मला पहिल्यांदाच बोटाने दाखवता आलं.

४ डिसेंबर, गुरुवार

उन्नत कोन मोजायचं साधन केलं. कंपासपेटीतल्यासारखा प्लास्टिकचा अर्धगोल कोनमापक, त्याच्या सरळ कडेवर चिकटवलेली जाड स्ट्रॉ, मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट. मुलं त्याला 'नळी' म्हणतात. २० नळ्या केल्या, गटाला दोन, दोन जास्तीच्या.

काय बिघडलं:

आधी शिवणाचा दोरा आणि छोटा नट घेतला होता. वाऱ्यावर दोरा पाच-सहा अंश हलतो. मोठा नट लावला आणि नेम धरला की दुसऱ्याने दोरा बोटाने कोनमापकावर दाबून मग वाचायचं ठरवलं. तेव्हा आकडे स्थिर झाले.

नळी आडवी धरली की दोरा ९० वर असतो. म्हणजे वाचलेला आकडा ९० मधून वजा करायचा. हे सांगूनही निम्म्या वर्गाने ५५ च्या जागी ३५ लिहिलं. शेवटी कोनमापकावर कागदाची पट्टी चिकटवून उलटे आकडे लिहून टाकले. पण ते लिहायच्या आधी 'वजा का करायचं' हे आकृती काढून पटवलं. कोटिकोन (बेरीज ९० अंश होणारे दोन कोन) तिथेच झाले.

एका मुलाने नळीला बांधायला हिरवा लेझर आणला, नेम सोपा होईल म्हणून. त्याच क्षणी काढून घेतला आणि तास थांबवून सगळ्यांना सांगितलं. उतरणाऱ्या विमानावर लेझर मारला तर वैमानिकाचे डोळे दिपतात. ते धोक्याचं आहे आणि कायद्याने गुन्हाही. मुलाचा हेतू चांगला होता, म्हणूनच हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तसंच, सूर्याच्या बाजूला नळीतून बघायचं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सगळ्यांत मोठं अपयश आजचं, आणि सगळ्यांत कामाचंही.

बेत असा होता. मैदानावर विमानाच्या मार्गाच्या दिशेने ५० मीटर अंतरावर दोन मुलं उभी राहतील, एकाच वेळी कोन घेतील. दोन काटकोन त्रिकोण, उंची एकच, आडव्या बाजूंतला, म्हणजे पायांतला, फरक ५० मीटर. टॅन (उंची भागिले पाया) वापरून उंची निघते.

जवळच्या मुलाने ६० अंश वाचला. लांबच्या जागेवर तीन मुलं होती, त्यांनी एकाच विमानासाठी ५८, ५७ आणि ५६ वाचले. उंची आली अनुक्रमे १,०५२ मीटर, ६९४ मीटर आणि ५१५ मीटर. एकेका अंशाच्या फरकाने उंची दुपटीपर्यंत बदलली. एका गटाला दोन्हीकडे ६० मिळाला. दोन्ही दृष्टिरेषा समांतर, विमानाची उंची निघेचना.

मुलं हिरमुसली. मीही. रात्री वहीवर आकडे मांडून बघितलं तेव्हा लक्षात आलं की चूक मुलांची नाही, पायाची, म्हणजे दोन जागांमधल्या अंतराची आहे. विमान सातशे मीटरवर असताना ५० मीटरचा पाया म्हणजे फारच आखूड. कोनांतला फरक जेमतेम तीन अंश, आणि आमच्या नळीची चूकच एक अंशाची. पाया वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक गोष्ट कळली. काही मुलं आवाजाच्या दिशेने नळी धरत होती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तो खाली पोचायला दोनेक सेकंद लागतात. विमानाचा वेग त्या वेळी १६० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) आसपास असेल असं धरलं, तर ताशी २९६ किलोमीटर, सेकंदाला ८२ मीटर. आवाज ऐकू येईपर्यंत विमान दीडशे मीटरच्या वर पुढे गेलेलं असतं. नॉटचं किलोमीटर करताना १.८५२ ने गुणायचं हे मुलांनी आनंदाने केलं, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

पाया वाढवला. एक टोक शाळेची गच्ची, दुसरं टोक पश्चिमेकडे एका मुलाच्या इमारतीची गच्ची. सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी घेतली, दोन्ही गच्च्यांवर एक-एक मोठं माणूस ठेवलं.

अंतर मोजायला सायकल. टायरवर खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर मोजला, २.०७ मीटर. व्यास मोजून π ने गुणलं तरी तेवढंच आलं. हँडलजवळ बसलेल्या मुलीने फेरे मोजले, ४०६ आणि मग वळल्यावर १५७. म्हणजे ८४० मीटर आणि ३२५ मीटर.

दोन गटांनी बेरीज करून पाया १,१६५ मीटर लिहिला. विमान रस्त्याने जात नाही, हे एका मुलाने त्यांना सांगितलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. सेक्टरमधले ते दोन रस्ते एकमेकांना काटकोनात आहेत. पायथागोरस लावला, ९०१ मीटर. मोबाइलच्या नकाशावर सरळ अंतर मोजून पडताळलं, ९०० च्या जवळच आलं. पायथागोरसचं प्रमेय मी बावीस वर्षं शिकवतेय. त्याचं उत्तर नकाशावर ताडून बघायला मी आजवर एकदाही सांगितलं नव्हतं, याचं वाईट वाटलं.

१७ डिसेंबर, बुधवार

पहिला प्रयत्न. दोन्ही गच्च्यांमध्ये मोबाइलवर फोन चालू. विमान दोघांच्या मधे आलं की एकाने 'आता' म्हणायचं. शाळेच्या गच्चीवर ५५, दुसरीकडे ६०.

उंची = ९०० ÷ (१/टॅन ५५ + १/टॅन ६०). मुलांच्या पाठ कोष्टकात ६० आहे, ५५ नाही, म्हणून मोबाइलचं कॅल्क्युलेटर. उत्तर आलं २९० मीटर.

गंमत नाही, हे उत्तर आम्ही फळ्यावर लिहूनही टाकलं होतं. २९० मीटर काही अशक्य वाटत नाही. शेवटच्या बाकावरची मुलगी मात्र मधल्या पायऱ्या वहीत लिहीत होती. ती म्हणाली, "बाई, टॅन ५५ ऋण येतोय. उणे ४५.१८. टॅन ४५ जर १ आहे तर ५५ चा एकाहून थोडा मोठा यायला पाहिजे ना?" कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्याच एककावर होतं. अंशावर आणलं, टॅन ५५ आला १.४२८, उंची ७०४ मीटर.

तिच्या वहीचं ते पान मी सगळ्यांना दाखवलं. निळ्या शाईत उणे ४५.१८, त्याभोवती पेन्सिलचा गोल आणि बाजूला एवढंच, 'असं कसं?' मधल्या पायऱ्या लिहा म्हणून मी ओरडत असते, ते मार्कांसाठी आहे असं मुलांना वाटतं.

२० डिसेंबर, शनिवार

आठ विमानांची उंची काढली. सहा ६७० ते ७५० मीटरच्या मधे. दोन सोडून दिली. एक विमान दोन्ही गच्च्यांच्या बरंच बाजूने गेलं, आणि अशा वेळी आमचं सूत्र चालत नाही. दुसऱ्यात फोनवरचा 'आता' उशिरा पोचला. एक सेकंद उशीर म्हणजे ८२ मीटर, हे आधीच काढून ठेवलं होतं.

या पायावर एक अंशाची चूक झाली (५५ च्या जागी ५४) तर उंची ७०४ ची ६९० होते. चौदा मीटरचा फरक. दहा तारखेचे तीन आकडे आणि हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले.

मग पडताळा. उतरणारं विमान शेवटच्या टप्प्यात साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं. नकाशावर धावपट्टीच्या टोकापासून शाळा साडेतेरा किलोमीटर. १३,५०० × टॅन ३ = १३,५०० × ०.०५२४, म्हणजे ७०७ मीटर. धावपट्टीच्या टोकावरून जाताना विमान १५ मीटरच्या आसपास उंच असतं, ते मिळवून ७२२. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण घशात आवंढा आला होता.

२३ डिसेंबर, मंगळवार

दुसरी रीत, एकट्याने करता येणारी. पट्टीला ६० सेंटिमीटर दोरा बांधायचा, दोऱ्याचं टोक डोळ्याखाली गालाच्या हाडावर धरायचं, विमान बरोबर डोक्यावर आलं की पट्टीवर त्याची लांबी वाचायची. समरूप त्रिकोण. एअरबस ए३२० ची लांबी ३७.५७ मीटर. पट्टीवर ३.१ सेंटिमीटर दिसलं. ३७.५७ × ६० ÷ ३.१ = ७२७ मीटर.

एका गटाला ६०९ आले. त्यांचं वाचन ३.७ होतं आणि ते बरोबर होतं. फ्लाइटरडार२४ या विमानांची माहिती दाखवणाऱ्या ॲपवर बघितलं तर ते विमान ए३२१ होतं, लांबी ४४.५१ मीटर. लांबी बदलून ७२२ आले. विमानाचा प्रकार आधी बघून घ्या.

तुमच्याकडे दोन गच्च्यांची सोय नसेल तर ही रीत घ्या. खर्च शून्य, धोका नाही, आणि एक मिलिमीटरची चूक झाली तरी उंची तेवीस-चोवीस मीटरनेच बदलते.

२७ डिसेंबर, शनिवार

परवा, २५ तारखेपासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. मुलांना दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून बेत बदलला. तिथली धावपट्टी ३,७०० मीटर. १:१०० प्रमाणाने ३७ मीटर. मैदानावर चुन्याने आखली. धावपट्टीचा क्रमांक ०८/२६. होकायंत्राच्या हिशोबाने दिशा साधारण ८० आणि २६० अंश, शेवटचा शून्य गाळायचा. दोन टोकांच्या क्रमांकांत नेहमी १८ चा फरक, कारण १८० अंश. मुंबईची ०९/२७ आणि १४/३२ मुलांनी लगेच तपासली.

मोबाइलचं होकायंत्र लोखंडी फाटकाजवळ ३० अंश चुकीचं दाखवत होतं, मैदानाच्या मधे जाऊन बरोबर झालं.

आणि मी ०८ पूर्वेच्या टोकाला लिहायला लावलं. पूर्व म्हणजे ९० च्या जवळ, असा माझा हिशोब. चुना टाकून झाल्यावर एक मुलगा त्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पूर्वेकडे तोंड करून उतरणारं विमान तर पश्चिमेकडून येणार. त्याला आकडा आधी दिसायला पाहिजे." अगदी बरोबर. ०८ पश्चिमेच्या टोकाला असतो. चुना झाडून पुन्हा लिहिला, वीस मिनिटं गेली.

७ जानेवारी २०२६, बुधवार

एकक. घरून तेलाची १ लिटरची पिशवी नेली. पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं. लिटर आणि किलो एकच, असं ४६ पैकी ३१ जणांनी हात वर करून सांगितलं होतं. तराजूवर पिशवी ठेवल्यावर हात खाली आले.

मग २३ जुलै १९८३ ची गोष्ट सांगितली. एअर कॅनडाचं बोइंग ७६७. इंधनाचे मापक बंद होते, म्हणून टाकीच्या मापपट्टीवरून हिशोब केला. टाकीत ७,६८२ लिटर, हवं होतं २२,३०० किलो. किलोसाठी ०.८०३ ने गुणायला हवं होतं, गुणलं १.७७ ने, जो पौंडांचा आकडा. मुलांनी दोन्ही हिशोब स्वतः केले. चुकीच्या आकड्याने भरायचं इंधन आलं सुमारे ४,९१६ लिटर, बरोबर आकड्याने सुमारे २०,०८९. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपलं.

इथे मी थांबले आणि विचारलं, आता काय? नोव्हेंबरमधल्या कागदी विमानाचा आलेख एका मुलीला आठवला. "आमचं १ ला ४.१ होतं, यांचं किती?" सहवैमानिकाने तेच काढलं होतं. १० नॉटिकल मैल जाताना ५,००० फूट उंची गेली. १ नॉटिकल मैल १,८५२ मीटर, १ फूट ०.३०४८ मीटर. मुलांचं गुणोत्तर आलं १२. त्या हिशोबावरून कळलं की विनिपेगच्या विमानतळापर्यंत पोचणार नाही, आणि विमान गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ जण होते, सगळे वाचले.

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

१० जानेवारी, शनिवार

वजनाचा तोल. फूटपट्टी पेन्सिलवर, दोन्ही बाजूंना एकाच प्रकारची नाणी. ६ सेंटिमीटरवर ३ नाणी, ९ सेंटिमीटरवर २. गोल पेन्सिलवर पट्टी घरंगळते, सहा कडांची पेन्सिल टेबलाला टेपने चिकटवा. अंतर नाण्याच्या मध्यापासून घ्यायचं, कडेपासून नाही. चार गटांचं याच कारणाने जुळत नव्हतं.

एका मुलाचे वडील त्याला न्यायला आले होते. वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. दारात उभे राहून बघत होते. आत बोलावलं. "हातगाडीचंच हाय की हे, बाई," ते म्हणाले. "ओझं चाकाच्या आसावर बसलं पाहिजे. मागं गेलं तर दांड्या वर उचलत्यात, पुढं आलं तर दिवसभर हात ओढत बसायचं." विमानात सामान मागे जास्त झालं तर नाक वर उचलतं, हे मी फळ्यावर नुकतंच लिहिलं होतं. मी खडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी हातगाडीचं चाक, दांड्या आणि सहा गोण्या काढल्या, आणि कुठली गोणी आधी चढवायची ते सांगितलं. त्यांच्या मुलाने प्रत्येक गोणीचं आसापासूनचं अंतर लिहून बेरीज केली. दोन्ही बाजू जुळल्या.

१७ जानेवारी, शनिवार

हिशोब. ए४ कागदाची रिम २८०, तीस मीटरची टेप ३४०, कोनमापक २००, नट ६०, दोरा ३०, स्ट्रॉ ४०, चुना ९०, झेरॉक्स १५०. एकूण १,१९० रुपये. शाळेने ५०० दिले. चौदा तासिका लागल्या, त्यातल्या तीन चुकांमध्ये गेल्या. अभ्यासक्रम बाकीच्या तुकड्यांपेक्षा एका प्रकरणाने मागे आहे, तो फेब्रुवारीत जादा तास घेऊन भरून काढणार आहे. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा.

वीसपैकी अकरा नळ्यांची स्ट्रॉ सुटली. पुढच्या वर्षी स्ट्रॉऐवजी विजेच्या वायरिंगची अर्ध्या इंची पीव्हीसी नळी, आणि चिकटपट्टीऐवजी केबल बांधायची प्लास्टिकची टाय.

उरलेल्या नऊ नळ्या दहावीच्या बाईंनी मागून नेल्या. त्यांना शाळेसमोरच्या टॉवरची उंची काढायची आहे. पाया किती घेताय, एवढं मी विचारलं.